एरियात गस्त वाढवून मागायची की मोहल्ला कमिटी?

पोलीस स्टेशनला निवेदन द्यायचं ठरलं की एरियातले लोक पहिलं हेच लिहितात, राउंड वाढवा, बीट मार्शल पाठवा, कॅमेरे लावा. चुकीचं नाहीये ते. चेन खेचून कोणी पळतोय किंवा शेजारी बाईला मारहाण चाललीये, तेव्हा ११२ लावायचा आणि गाडी लगेच यायला पाहिजे, बस. मारहाणीची केस तर मोहल्ला कमिटीपुढे, म्हणजे गल्लीतली माणसं आणि पोलीस एकत्र बसतात त्या कमिटीपुढे, नेऊच नका, तिथे चार लोक बसून "मिटवून घ्या" म्हणतात आणि त्या बाईचंच नुकसान होतं.

पण गाडीतल्या पोलिसाला तुमच्या गल्लीत कोणाचं कोणाशी वाकडं आहे ते माहीत नसतं, तो येतो भांडण पेटल्यावर. इथे भिवंडीचं उदाहरण बघाच. १९८४ ला तिथे भयंकर दंगल झाली, नंतर डीसीपी म्हणून आलेल्या सुरेश खोपडेंनी मोहल्ला कमिट्या केल्या, आणि मला त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही की जुन्या शांतता समितीत असायचे तसे फक्त पुढारी न घेता गल्लीतलीच साधी कामधंदा करणारी हिंदू-मुसलमान माणसं घेतली आणि खालच्या पोलिसांनाही त्यांच्यासोबत बसवलं. रोजची ओळख झाली, अफवा उठली तर विचारायला माणूस होता. डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ च्या दंगलीत मुंबईत ९०० माणसं गेली, भिवंडी मात्र शांत राहिली! मुंबईतही मग १९९४ मध्ये अशा कमिट्या सुरू झाल्या.

तरी कमिटी एकदा केली म्हणजे कायमचं काम झालं असं नाही हां. त्याच भिवंडीत २००६ ला पोलीस स्टेशनच्या जागेवरून वाद पेटला, पोलिसांच्या गोळीबारात दोघं गेले आणि जमावाने दोन पोलिसांना मारून टाकलं. एवढा विश्वास कमावलेल्या गावात हे झालं, वाचून आजही वाईट वाटतं. साहेब बदलतात, बैठका बंद पडतात.

तुमच्याकडे फक्त चोऱ्यांचा त्रास असेल तर गस्तच मागा, कमिटीच्या भानगडीत पडू नका. पण दोन समाज शेजारी राहतात, सण आला की मिरवणुकीच्या रस्त्यावरून कुरबूर होते, असं असेल तर मी कमिटीच मागेन, आणि निवेदनात स्पष्ट लिहा की बैठक दर महिन्याला ठरलेल्या दिवशी व्हावी, बीटचा हवालदार स्वतः यावा, बायका आणि भाडेकरूही त्यात असावेत, आणि नगरसेवकाने सुचवलेल्याच नावांची यादी चालणार नाही.