कथा लिहायला इनस्क्रिप्ट: संवाद सोडले तर झकास

ऑनलाइन कथा टाकणाऱ्यांनी रोमनमधून मराठी करणारा कळफलक सोडून विंडोजमधला इनस्क्रिप्ट, म्हणजे थेट देवनागरी अक्षरांचा कळफलक, घ्यावा, असं आमचं मत. डाव्या हाताला स्वर आणि काने-मात्रे, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. पहिला आठवडा जीव मेटाकुटीला येतो, हे मात्र खरं.

फायदा कुठे दिसतो? ‘दऱ्या’ लिहून पाहा: o, शिफ्ट+J, d, /, e. साधा j दाबलात तर ‘दर्या’ होतो, आणि नायक डोंगर उतरता उतरता थेट समुद्रात! रोमन कळफलक अशा ठिकाणी अंदाज बांधतो, इथे जे दाबाल तेच उमटतं. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षर-संकेतांत, असल्याने ऑनलाइन समूहात चिकटवला तरी शाबूत राहतो. युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधली कथा तशीच डकवली की वाचकांना अगम्य चिन्हांची रांगोळी दिसते; ती आधी युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढा आणि रफार, जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

खरी कटकट संवादांची. अवतरणचिन्हाच्या कळीवर ट-ठ बसलेत, प्रश्नचिन्हाच्या जागी य. दर वाक्याला विंडोज+स्पेसने इंग्रजीत जाणं म्हणजे लय गेलीच. अंकपट्टी (उजवीकडचा अंकांचा वेगळा गट, वरची ओळ नव्हे) असेल तर ऑल्ट धरून तिच्यावर 34 दाबा, अवतरण मिळेल. 63 ला प्रश्नचिन्ह, 33 ला उद्गारचिन्ह. अंकपट्टी नसलेल्या लॅपटॉपवर पहिल्या खर्ड्यात संवादाआधी नुसती आडवी रेघ द्या, चिन्हं शेवटी एका बैठकीत भरा.

फोनवरच लिहिणार असाल तर एवढा खटाटोप नको.