चॅट्सवर्थ की स्टाउरहेड?

आई-बाबा लंडनला आले की राजवाडा, पूल, घड्याळाचा मनोरा दोन दिवसांत उरकतो. मग एखादा दिवस खेड्याकडचा जुना सरदारी वाडा दाखवायचा असतो. दिवस एकच असेल तर डर्बीशरमधलं चॅट्सवर्थ बघावं की विल्टशरमधलं स्टाउरहेड? आम्ही दोन्हींकडे जाऊन आलोय.

चॅट्सवर्थ हे डेव्हनशरच्या ड्यूक घराण्याचं राहतं घर. रंगवलेली छतं, पुतळे, दालनामागून दालन. एका दारावर व्हायोलिन टांगलेलं दिसतं; ते नुसतं चित्र आहे हे आईला शेवटपर्यंत पटलं नाही. बाहेर 105 एकरांची बाग. तिथलं मोठं कारंजं 1844 मध्ये रशियाचा झार येणार म्हणून बांधलं. झार आलाच नाही. त्याला पंप नाही. टेकडीवर खोदलेल्या तळ्याचं पाणी स्वतःच्या दाबानेच उसळतं. हे काम जोसेफ पॅक्स्टन या मुख्य माळ्याचं. पुढे लंडनमधल्या प्रदर्शनासाठी 1851 चा क्रिस्टल पॅलेस हा काचेचा महाल उभारला तो यानेच. त्याआधी, 1830 च्या दशकात, त्याने इथल्या काचघरात बुटकी केळ वाढवली आणि तिला मालकाच्या आडनावावरून ‘कॅव्हेंडिश’ नाव मिळालं. बाबा रावेरचे. “म्हणजे आपली बसराई!” म्हणाले, आणि त्यानंतर छतं-पुतळे त्यांच्यासाठी संपले.

स्टाउरहेडला वाडा धावतपळत पाहिला तरी चालतो. जायचं ते बागेसाठी. फुलांचे ताटवे शोधू नका. हेन्री होअर या बँकवाल्याने 1740 च्या दशकापासून इथलं खोरं बदलायला घेतलं, बांध घालून तळं केलं आणि काठाने ग्रीक-रोमन धाटणीची देवळं बांधली. वाट अशी आखलीय की त्यातल्या पँथिऑन नावाच्या देवळाचा घुमट आधी पाण्यापलीकडे दिसतो, झाडांआड जातो, आणि बऱ्याच वेळाने एकदम समोर येतो. मधे एक कृत्रिम गुहा. आत गारठा, निजलेल्या अप्सरेचा पुतळा, तिच्याखालून झुळझुळणारं झऱ्याचं पाणी. बोलणं आपोआप थांबतं. मूळ वाटेने गेलात तर तळं डाव्या हाताला राहतं. “उलटी प्रदक्षिणा झाली की!” आईने लगेच हटकलं.

पावसाची चिन्हं असतील किंवा आतली श्रीमंती बघायची हौस असेल, तर सरळ चॅट्सवर्थ. आकाश मोकळं असेल आणि ऑक्टोबरअखेरची रंगलेली पानं मिळणार असतील, तर स्टाउरहेडपुढे दुसरं काही सुचवणार नाही. मला पुन्हा जायचंय ते तिथेच. गुडघे कुरकुरत असतील तर गुहेच्या पायऱ्या टाळून जा. जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेचं सभासद-कार्ड स्टाउरहेडला चालतं, 1946 पासून ते ट्रस्टकडेच आहे. चॅट्सवर्थला मात्र वेगळं तिकीट, आणि ते स्वस्त नाही. हिवाळ्यात तिथला वाडा काही आठवडे बंद असतो, तेव्हा आधी तारखा बघा.

गाडी नसेल तर दोन्हीकडे आगगाडीने साधारण दोन तास. चॅट्सवर्थसाठी सेंट पँक्रसहून चेस्टरफील्ड, पुढे बस किंवा टॅक्सी. स्टाउरहेडसाठी वॉटर्लूहून गिलिंगहॅम, पुढे टॅक्सी. ती परतीसाठीही आधीच ठरवून ठेवा. आणि तिकीट काढताना डॉर्सेटमधलंच गिलिंगहॅम निवडा. त्याच नावाचं स्टेशन केंटमध्येही आहे, आणि आम्ही आधी तिथलंच काढलं होतं.