शाळेसाठी ‘सीझनवॉच’ : एका विज्ञान शिक्षिकेचा अभिप्राय

शाळांसाठी निसर्गशिक्षणाचे जे उपक्रम आज आपल्याकडे उपलब्ध आहेत, त्यांपैकी ‘सीझनवॉच’ मला सर्वांत उपयुक्त वाटतो, कारण तो विद्यार्थ्याला वर्षभर एकाच झाडापाशी पुन्हा पुन्हा नेतो. ‘नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन’ ही वन्यजीव संशोधन संस्था आणि बंगळूरचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र यांच्या सहयोगातून, विप्रोच्या आर्थिक पाठबळावर उभा राहिलेला हा उपक्रम दशकाहून अधिक काळ देशभर चालू आहे. नावनोंदणीला शुल्क नाही. परिसरातले ओळखीचे झाड निवडायचे, आठवड्यातून एकदा ते निरखायचे आणि पालवी, जून पाने, कळ्या, उमललेली फुले, कच्ची फळे, पिकलेली फळे यांपैकी काय ‘नाही’, काय ‘थोडे’ आणि काय ‘पुष्कळ’ आहे, एवढेच नोंदवायचे. पद्धत इतकी साधी आहे की पाचवीतला विद्यार्थी ती एका तासात आत्मसात करतो.

मी सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. पर्यावरण हा विषय शालेय शिक्षणात सक्तीचा असावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिला, आणि आपल्या ‘परिसर अभ्यास’ या पाठ्यपुस्तकातही झाडे, प्राणी, पाणी यांवरचे पाठ आहेत. मात्र पाठ वाचून उत्तरे लिहिणारा विद्यार्थी शाळेच्या फाटकापाशी उभ्या असलेल्या करंजाला नावाने ओळखेलच, असे नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी शाळा बहुधा बाहेरच्या पाहुण्यांना बोलावतात. आमच्याकडे झालेल्या अशा एका कार्यक्रमात वाघाची सुंदर छायाचित्रे दाखवण्यात आली, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याजवळ विचारण्यासारखा एकही प्रश्न उरला नव्हता. याहून गंभीर प्रकार म्हणजे काही ठिकाणी अजूनही जिवंत नाग वर्गात आणून हाताळला जातो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षण असलेल्या प्राण्याचे असे प्रदर्शन बेकायदेशीर तर आहेच, शिवाय मुलांसमोर धोकादायक उदाहरण ठेवणारेही आहे, आणि कोणत्याही मुख्याध्यापकांनी त्याला परवानगी देऊ नये.

‘सीझनवॉच’चे खरे सामर्थ्य मला त्यातल्या ‘नाही’ या नोंदीत दिसते. शाळेत विद्यार्थ्याला काहीतरी सापडले, तरच त्याचे काम झाले असे आपण मानत आलो आहोत. येथे मात्र सप्टेंबरात काटेसावरीवर कळी दिसली नाही, ही नोंद फेब्रुवारीत ती निष्पर्ण फांद्यांवर लाल फुलांनी भरून गेली, या नोंदीइतकीच मोलाची ठरते, कारण कळ्या नेमक्या कोणत्या आठवड्यात आल्या हे त्याआधीच्या रिकाम्या आठवड्यांमुळेच कळते. हे एकदा मुलांच्या लक्षात आले की खोटी भर घालण्याचा मोह आपोआप कमी होतो. म्हणूनच माझी आग्रहाची सूचना आहे की या कामाला गुण ठेवू नयेत. गुण ठेवले की घरी बसून भरलेल्या वह्या येऊ लागतात, आणि मग उपक्रमाचा अर्थच संपतो.

सातत्याने पाहण्यातून जे प्रश्न निघतात, ते कोणत्याही पाठ्यपुस्तकाच्या स्वाध्यायात नसतात. विहिरीजवळचा बहावा आणि माळावरचा बहावा एकाच वेळी का फुलत नाहीत, हा प्रश्न आठवीच्या मुलींनी स्वतःहून विचारला, आणि पाणी, माती, झाडाचे वय अशा शक्यता त्यांनीच फळ्यावर मांडल्या. बहावा फुलला की ४५ दिवसांनी पाऊस येतो, असे आपल्याकडे वडीलधारी माणसे सांगतात. हे खरे की खोटे, असा निकाल दोन-चार वर्षांच्या नोंदींवरून लागणार नाही. परंतु फुलांची तारीख आणि पहिल्या पावसाची तारीख शेजारी शेजारी लिहून ठेवणारा विद्यार्थी, ऐकीव गोष्ट तपासून पाहण्याची जी शिस्त शिकतो, तिला विज्ञान शिक्षणात मी फार वरचे स्थान देते.

अशा नोंदींचे महत्त्व वर्गाबाहेरही आहे. जपानमधील क्योटो येथे चेरीच्या बहराच्या नोंदी बाराशेहून अधिक वर्षांपासून उपलब्ध आहेत, आणि त्यामुळेच २०२१ मध्ये २६ मार्चला आलेला पूर्ण बहर हा तोपर्यंतच्या साऱ्या काळातला सर्वांत लवकरचा ठरला, हे सांगता आले. इंग्लंडमध्ये रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ मध्ये वसंताच्या खुणा टिपण्यास सुरुवात केली आणि त्यांच्या घराण्याने ते काम १९५८ पर्यंत चालू ठेवले. आपल्या आंबा, चिंच, जांभूळ यांच्याविषयी अशा दीर्घ नोंदी शेतकऱ्यांच्या स्मरणात असतील, परंतु त्या कागदावर फारशा उतरलेल्या नाहीत. हवामानबदलाचा आपल्या झाडांवर काय परिणाम होतो आहे, हे जाणायचे असेल तर हे काम आज सुरू करावे लागेल, आणि त्यासाठी शाळेइतकी योग्य जागा दुसरी नाही. केरळमधील शाळांनी ते करून दाखवले आहे. ‘मातृभूमी’ वृत्तपत्राच्या ‘सीड’ या शालेय उपक्रमाशी जोडले गेल्यामुळे ‘सीझनवॉच’मधील नोंदींचा फार मोठा वाटा तेथील विद्यार्थ्यांकडून येतो. महाराष्ट्रात शाळाशाळांतून हरित सेना स्थापन झालेल्या आहेत. वृक्षदिंडी आणि रोपांच्या वाटपापलीकडे त्यांना हे काम सहज देता येईल.

उपक्रमाच्या मर्यादाही स्पष्टपणे सांगायला हव्यात. पहिली अडचण आपल्या शालेय वर्षाची आहे. मे महिन्यात, आंबे पिकत असताना आणि बहावा व गुलमोहर फुललेले असताना, शाळा बंद असते, आणि आठवड्याची साखळी नेमकी तेव्हाच तुटते. यावर आम्ही शोधलेला उपाय असा की शाळेतल्या झाडाबरोबरच प्रत्येक विद्यार्थ्याने घराजवळचे एक झाड घ्यावे. सुटीत मामाच्या गावी जाणारी मुले ते भावंडाकडे सोपवून जातात. दुसरी अडचण झाडांच्या निवडीची आहे. विजेच्या तारांखालचे झाड दरवर्षी छाटले जाते आणि त्याच्या पालवीची नोंद बिघडते, म्हणून असे झाड घेऊच नये. वड, पिंपळ, उंबर यांची फुले फळासारख्या दिसणाऱ्या भागाच्या आत दडलेली असतात. त्यामुळे लहान मुलांचा गोंधळ होतो आणि शिक्षकाला आधी एक उंबर कापून दाखवावे लागते. मोबाइल सर्वांकडे नसतो. आमची मुले वहीत लिहितात आणि शिक्षक नंतर त्या नोंदी उपक्रमाच्या मोबाइल ॲपमध्ये भरतात, यात शिक्षकाचा वेळ बराच जातो, हे नोंदणीपूर्वीच लक्षात घ्यावे.

केवळ झाडे पाहून वन्यजीवांचा परिचय कसा होणार, अशी शंका काही सहकाऱ्यांनी घेतली होती. प्रत्यक्षात सावर आणि पळस फुलल्यावर मैना, बुलबुल, सूर्यपक्षी आणि हिवाळी पाहुण्या असलेल्या भोरड्या तेथे येतातच, आणि पिकलेल्या वडावर हरियाल हा आपला राज्यपक्षी दिसू शकतो. फुले-फळे कधी येतात यावर कोण कधी येणार हे अवलंबून असते, हा संबंध मुलांना झाडाखालीच उमगतो. पक्षी ओळखण्यासाठी ‘नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन’च्याच ‘अर्ली बर्ड’ या उपक्रमाचे तक्ते, चित्रपत्ते आणि खिशात मावणाऱ्या मार्गदर्शिका जोडीला घ्याव्यात. त्यांतली चित्रे नेमकी आहेत आणि साहित्य अनेक भारतीय भाषांत निघते.

ज्या शाळेत किमान एक शिक्षक दर आठवड्याला अर्धा तास मुलांबरोबर झाडाखाली उभा राहण्यास तयार आहे, त्या शाळेने या उपक्रमात अवश्य सहभागी व्हावे. केवळ अहवालात आणखी एका उपक्रमाची भर घालायची असेल, तर नाव नोंदवू नये. जूनमध्ये नव्या वर्गांची घाई असते, म्हणून जुलैच्या पहिल्या आठवड्यात पाच-सहा मुलांचा एक गट आणि त्याला एक झाड एवढ्यावरच सुरुवात करावी, आणि दिवाळीच्या सुटीपर्यंत सवय रुळली की झाडांची संख्या वाढवावी.