तामिया एक्स्ट्रा थिन सिमेंट : पातळ द्रव, पक्का सांधा

प्लास्टिकची मोटारींची व विमानांची मॉडेल्स जोडणाऱ्यांनी तामिया कंपनीच्या या प्लास्टिक जोडणाऱ्या गोंदाची हिरव्या झाकणाची ४० मिलिलिटरची बाटली हाताशी ठेवावीच. विमानाच्या धडाचे दोन भाग आधी कोरडेच जुळवून धरावेत आणि झाकणातल्या बारीक ब्रशचे टोक फटीला नुसते टेकवावे. द्रव केशाकर्षणाने, म्हणजे अरुंद फटीत ओढला जाऊन, आपोआप आत पसरतो, पॉलिस्टायरीन (मॉडेलचे प्लास्टिक) विरघळवतो आणि हलका दाब दिला की मऊ प्लास्टिकची बारीक कड वर येते, जी पूर्ण वाळल्यावर घासून काढली की सांधा दिसेनासा होतो. रंगवलेल्या भागावर मात्र हा द्रव रंगच खातो, म्हणून जोडायच्या कडा आधी खरवडून घ्याव्यात. कॉकपिटच्या पारदर्शक भागांना पांढरा गोंदच बरा. वास उग्र आहे. खिडकी उघडी ठेवावी.