ऑक: काजूच्या हिशेबाला तीन हंगाम वापरल्यावर

गोव्यात वाळपईला आमची काजू बियांची खरेदी आहे, मार्च ते मे रोज बागायतदार बिया घेऊन येतात आणि प्रत्येकाची एक ओळ, तारीख नाव किलो रक्कम, साध्या टेक्स्ट फाईलमध्ये टाईप होते. गेले तीन हंगाम त्या फाईलींवर मी ऑक (awk) चालवतेय, म्हणजे टेक्स्ट फाईल ओळीओळीने वाचून त्यावर हिशेब करणारं प्रोग्रामिंगचं साधन. १९७७ मध्ये बेल लॅब्सला आल्फ्रेड आहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निहॅन यांनी बनवलेलं, नावसुद्धा तिघांच्या आडनावांच्या अक्षरांवरून, फुकट मिळतं आणि लिनक्स असेल तर बहुतेक मशीनवर आधीच असतं. चार स्टार देतेय.

मध्ये कितीही स्पेस असू दे, ओळ तोडून डॉलर एक ($1), डॉलर दोन ($2) अशी फील्ड, म्हणजे ओळीचे सुटे तुकडे, तयार मिळतात. आमच्याकडे कोण नुसतं नाव-आडनाव सांगतं, कोण मध्ये वडलांचंही नाव सांगतं, म्हणजे रक्कम कधी पाचव्या फील्डात तर कधी सहाव्या, पण एनएफ (NF) म्हणजे ओळीतल्या फील्डांची संख्या, म्हणून डॉलर एनएफ म्हटलं की शेवटचं फील्ड हातात, नाव कितीही लांब असो. किलो शेवटून दुसरे, तिथे मी कंस न घालता डॉलर एनएफ वजा एक लिहिलं आणि किलोच्या जागी रक्कम आली, तीही प्रत्येक ओळीत एक रुपया कमी! डॉलर वजाबाकीच्या आधी लागतो, म्हणून एनएफ वजा एक हे कंसातच हवं.

आता एक स्टार कुठे गेला ते. आकडा वाचताना ऑक सुरुवातीपासून जेवढं आकड्यासारखं दिसतं तेवढंच घेतं आणि पुढचं सोडून देतं. कोणी ५२किलो असं जोडून टाईप केलं तरी ५२ मिळतात, त्याचा मला फायदाच झाला. पण १२,४०० मध्ये ते स्वल्पविरामाला थांबतं, उरतात १२. एरर नाही, वॉर्निंग नाही. पहिल्याच हंगामात हजाराखालच्या रकमा बरोबर आणि वरच्या सगळ्या अशा कापलेल्या, बाबा वहीत हाताने बेरीज घालून बसलेले, म्हणाले, "हे तुझं मशीन बागायतदाराचे पैसे खातंय गो." ते खरंच होतं, आणि लोकांच्या वर्षाच्या कमाईचा प्रश्न असतो हा. आणि बाबांनी सांगून टाईप करून घेतलेली काही पानं मराठी आकड्यांत होती, ऑकला फक्त इंग्रजी आकडे कळतात, त्यामुळे त्या सगळ्या ओळी शून्य.

मजकुराच्या जोडणीला ऑकमध्ये चिन्हच नाही, दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की चिकटतात. प्रिंटला पावतीसाठी मस्त. पण वजन, मग अवतरणात स्पेस, मग वजा घट असं लिहिलं की ऑक स्पेसमधूनच घट वजा करतं, कारण वजाबाकी जोडणीच्या आधी होते, आणि स्पेस म्हणजे त्याच्या लेखी शून्य. पावतीवर "५२ -२" च्या जागी "५२-२" छापलं गेलं. वजा घट कंसात टाका, सुटतं. तसंच प्रिंटच्या पुढे डॉलर एनएफ मोठं (>) १००० लिहू नका, तुलना होत नाही, तिथे त्या चिन्हाचा अर्थ 'या फाईलीत लिही' असा होतो आणि १००० नावाची फाईल तयार होते, तुलना कंसात लिहायची.

२०२३ मध्ये आलेल्या गॉक ५.३ मध्ये (गॉक म्हणजे ऑकचीच ग्नू प्रकल्पाची आवृत्ती) सीएसव्हीचा, म्हणजे स्वल्पविरामाने फील्ड वेगळी केलेल्या फाईलींचा, ऑप्शन आहे, अवतरणातल्या स्वल्पविरामावर फील्ड तुटत नाही आता, बँकेच्या स्टेटमेंटला चांगलाच उपयोग. पण रकमेतला स्वल्पविराम तसाच राहतो, तो जीसबने (gsub, मजकुरातली अक्षरं बदलायचं ऑकचं फंक्शन) आपणच काढायचा. माझ्या स्क्रिप्टमध्ये आता जीसब सगळ्यात आधी, आणि ज्यांची रक्कम शून्य निघते त्या ओळी वेगळ्या छापते, बाबा त्या रोज संध्याकाळी वहीशी ताडून बघतात.