सोसायटीतील सोळा कॅमेरे : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

पुण्यातील आमच्या ४८ सदनिकांच्या सोसायटीत गेल्या दिवाळीच्या सुमारास इंटरनेटला जोडलेले सोळा कॅमेरे आणि एक रेकॉर्डर बसवण्यात आला. सचिव असल्याने त्याची देखभाल माझ्याकडे आली. चित्राविषयी तक्रार नाही. पार्किंगमधील गाडीचा क्रमांक रात्रीही स्वच्छ वाचता येतो. तक्रार आहे ती कुलपाविषयी.

रेकॉर्डर रखवालदाराच्या केबिनमध्ये आहे. त्याच्या झाकणावर बसवणाऱ्या मुलाने चिकटवलेली चिठ्ठी तीन महिने तशीच होती : नाव ‘ॲडमिन’, पासवर्ड एक ते सहा आकडे. विचारल्यावर तो म्हणाला, “साहेब, तुम्ही विसरलात की फोन आम्हालाच येतो.” मोबाइलवर चित्र दिसावे म्हणून त्याने राउटरमधील एक पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत येण्याचे दार, बाहेरच्या जगासाठी कायमचा उघडाही ठेवला होता. लॉगिनच्या नोंदी उघडल्या, तेव्हा फसलेल्या प्रयत्नांनी पानेच्या पाने भरलेली दिसली. यशस्वी ठरलेल्यांपैकी आमचे कोणते आणि परके कोणते हे मात्र सांगता येईना, कारण आम्ही सगळेच एका खात्याने आत जात होतो.

२०१६ मध्ये ‘मिराय’ या घातक प्रोग्रामने नेमके हेच दार वापरले होते. कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या आजमावून त्याने जगभरातील कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले. अशाच उपकरणांच्या फौजेने २१ ऑक्टोबरला ‘डाइन’ (Dyn) या, संकेतस्थळांची नावे त्यांच्या इंटरनेट-पत्त्यांशी जोडून देणाऱ्या कंपनीवर एकाच वेळी विनंत्यांचा मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अमेरिकेत काही तास कोलमडल्या. कॅमेऱ्यांवर मात्र नेहमीचे चित्र दिसत राहत असल्याने बहुतेक मालकांना त्याचा पत्ताही लागला नसणार.

आम्ही पोर्ट बंद केला, पासवर्ड बदलला आणि तिघांना स्वतंत्र खाती दिली. पहिल्याच आठवड्यात खजिनदारांच्या खात्यातून पहाटे तीनला लॉगिन झाल्याचे दिसले आणि माझी झोप उडाली. पुढे कळले की रेकॉर्डरचे घड्याळ भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे होते. खजिनदार सकाळी साडेआठला कचऱ्याची गाडी आली का ते पाहत होते. घड्याळ चुकीचे असेल तर चोरीच्या तपासात चित्रणाचा किती उपयोग होईल, हा प्रश्न तोवर कोणालाच सुचला नव्हता.

९ एप्रिल २०२५ पासून देशात अशा कॅमेऱ्यांना सुरक्षा-चाचणीची अट लागू झाली आहे. ती आवश्यकच आहे, परंतु चिठ्ठी आणि उघडा पोर्ट त्या चाचणीच्या कक्षेत येत नाहीत. शंभर शहरांच्या स्मार्ट सिटी योजनेत चौकाचौकांत कॅमेरे लागले; त्यांची देखभालही अखेर कोणत्या तरी कंत्राटदाराकडेच असते, हा विचार मला आता अस्वस्थ करतो.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. ॲपमधील मूळ मालकाचे खाते बसवणाऱ्याच्या मोबाइल क्रमांकावर आहे आणि ते आमच्या नावे करून घेण्यासाठी तिसरे पत्र गेले आहे. वार्षिक देखभालीचा करार दिवाळीत संपतो. खाते हाती आल्याखेरीज त्याचे नूतनीकरण करू नये, असा ठराव कार्यकारिणीने केला आहे.