धातुशिल्प आणि वेल्डिंगची कार्यशाळा : आठ महिन्यांनंतर

आठवड्यात दोन संध्याकाळी तीन-तीन तासांचा वर्ग आणि एक दिवस सरावासाठी स्टुडिओ मोकळा, असे आठ महिने झाले. पहिल्याच महिन्यात लिहायला बसले होते, पण तेव्हा नुसतं कौतुक लिहून झालं असतं. आता चार शिल्पं पुरी झाली आहेत, दोन कापून भंगारात टाकली आहेत. कशाचा उपयोग झाला आणि कशाचा नाही, हे आता सांगता येईल.

मी मूळची मातीकामातली. मातीत चुकलं तर अंगठ्याने पुसायचं, पुन्हा लावायचं. लोखंड हातात येताना थंड आणि कडक असतं; मधल्या एका क्षणापुरतं ते पाण्यासारखं होतं आणि पुन्हा कडक होतं. सगळं शिकणं त्या क्षणाभोवती आहे.

पहिले तीन आठवडे शिल्पाचं नावही नव्हतं. ६ मिमी जाडीची पट्टी, २.५ मिमीचा ६०१३ जातीचा रॉड (वितळून जोड भरणारी, लेप दिलेली धातूची कांडी), ८० अँपिअरच्या आसपास करंट, आणि रेघेखाली रेघ. काडी पेटवावी तसा रॉड घासायचा, ठिणगी पडली की किंचित उचलायचा. जास्त उचलला तर आर्क, म्हणजे रॉड आणि पट्टीमधली विजेची सलग ठिणगी, तुटतो, कमी उचलला तर रॉड पट्टीला चिकटतो. हे अंतर साधारण रॉडच्या जाडीएवढंच ठेवायचं असतं, आणि रॉड जळून आखूड होत जातो तसा हात खाली आणत राहायचा असतो. आमचे सर पाठमोरे उभे राहून दुसऱ्याचं काम बघत असायचे आणि तिथूनच म्हणायचे, "लांब गेलीस." आवाजावरून कळायचं त्यांना. आर्क बरोबर असला की तळणीसारखा सलग चरचराट येतो. अंतर वाढलं की तो फुत्कारल्यासारखा, तुटक होतो. दुसऱ्या महिन्यात कधीतरी मलाही तो फरक ऐकू यायला लागला, आणि त्या दिवसापासून माझ्या रेघा सरळ झाल्या.

दुसरी गोष्ट नजरेची. नवखा माणूस उजेडाकडे बघतो. बघायचं असतं त्याच्या मागच्या वितळलेल्या थेंबाकडे. काळ्या काचेतून थोडा वेळ शांतपणे पाहिलं की त्यात दोन पदार्थ वेगळे दिसतात: खाली चकचकीत धातू आणि त्यावर तरंगणारा, काचेसारखा वाहणारा स्लॅग, म्हणजे रॉडच्या लेपाची वितळलेली मळी. हा स्लॅग थेंबाच्या पुढे गेला की तो जोडात अडकतो आणि जोड आतून कच्चा राहतो. वेग, रॉडचा कोन, करंट या तिन्ही गोष्टी त्या थेंबाच्या आकारावरून ठरवायच्या. माझ्या मते सगळ्या शिकवणीतली ही सर्वांत मोलाची गोष्ट आहे, आणि ती व्हिडिओ बघून येत नाही. शेजारी कोणी उभं राहून "आता बघ, आता रुंद झाला" असं त्याच क्षणी सांगावं लागतं.

मग मिग आलं, म्हणजे रॉडऐवजी तारेचं वेल्डिंग. तार आपोआप येते, स्लॅग नाही, दोन दिवसांत रेघ देखणी दिसते. मी खूश होते. सरांनी माझा टी-जॉइंट (आडव्या पट्टीवर उभी जोडलेली पट्टी) वाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या शिकंज्यात धरला आणि उभ्या पट्टीवर हातोडीचे दोन घाव घातले. अख्खी पट्टी निघून आली, आणि वेल्डची रेघ तिच्याच कडेला सबंध चिकटलेली. खालच्या पट्टीवर तिची नुसती छाप होती. पट्टीवरची काळी साल मी घासली नव्हती, करंट कमी ठेवला होता, त्यामुळे धातू आत शिरलाच नव्हता. त्यानंतर प्रत्येक जोडाआधी ग्राइंडरने पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासायची सवय लागली. अर्थचा क्लॅम्प, म्हणजे मशीनची परतीची तार लोखंडाला जोडणारा चिमटा, जिथे लावायचा ती जागाही तशीच.

पण खरी ओळख झाली ती करकोच्यापाशी. मला एका पायावर उभा करकोचा करायचा होता. पायाला १२ मिमीची सळई, खाली ८ मिमीची पट्टी. गुनिया लावून सळई काटकोनात धरली, एक टाका, म्हणजे सळई जागेवर धरणारा वेल्डचा ठिपका मारला, आणि हात बसलाय म्हणून एका बाजूने सबंध वेल्ड ओढला. डोळ्यांदेखत सळई कलली. वितळलेला धातू थंड होताना आक्रसतो आणि आपल्या बाजूला ओढतो. तळाशी जेमतेम २ अंशांचा कल, पण ६० सेंमी वर तेच अंतर २ सेंमीच्या पुढे जातं. पक्षी पडेल असा दिसत होता. सर म्हणाले, "आता उलट्या बाजूला तापव." सळईच्या दुसऱ्या बाजूला, तळालगत, गॅसच्या ज्योतीने एक छोटा ठिपका लाल केला आणि थांबलो. थंड होता होता सळई हळूहळू मागे आली, जवळजवळ उभी. जे ओढ लावतं त्यानेच ओढ काढायची.

पुढच्या वेळी पाय जोडताना मी समोरासमोर चार टाके मारले आणि मग आलटूनपालटून बोटभर लांबीचे वेल्ड केले. पंखांसाठी १.६ मिमीचा पत्रा वापरला तेव्हा मात्र ही ओढ मीच मागून घेतली: कडेला एकाच बाजूने छोटे वेल्ड टाकत गेले आणि पत्रा आपोआप पिसासारखा वळला. हातोडीने ठोकून ते वळण आलं नसतं. या एका संध्याकाळीत आठ महिन्यांची फी वसूल झाली असं मी मनापासून म्हणेन.

सर मधूनमधून जुन्या शिल्पकारांविषयी सांगत. हुलिओ गोन्सालेस १९१८ मध्ये रेनोच्या कारखान्यात ऑक्सि-ॲसिटिलीन वेल्डिंग शिकला आणि १९२८ पासून पिकासोला लोखंडाच्या शिल्पांत मदत करू लागला. डेव्हिड स्मिथने मोटारीच्या कारखान्यात काम केलं होतं, आणि दुसऱ्या महायुद्धात तो रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात वेल्डर होता. म्हणजे ही कला कारखान्यातून आली. स्मिथच्या शेवटच्या वर्षांतल्या स्टेनलेसच्या शिल्पांवर ग्राइंडरचे गोल फटकारे तसेच ठेवलेले आहेत, उजेड त्यांवर खेळतो. माझा पहिला पृष्ठभाग घासून घासून मेल्यासारखा सपाट झाला होता. ते फोटो पाहिल्यावर मी थांबायला शिकले.

आता तक्रारी. धुराची सोय अपुरी होती. सहा टेबलांना धूर ओढणारा एकच नळ, तो ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे. वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग घडवतो, म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये तो पहिल्या गटात घातला. स्टुडिओ चालवणाऱ्यांनी ही गोष्ट गंभीरपणे घ्यायला हवी होती. आम्ही तिघींनी मिळून लेखी मागणी केली, तेव्हा पाचव्या महिन्यात आणखी दोन नळ आले. तोवर मी स्वतःचा रेस्पिरेटर (धूर गाळणारा मुखवटा) घेतला होता. गॅल्व्हनाइज्ड तुकडे भंगारात मिसळून ठेवलेले असायचे, हेही चूक. त्यावरचं जस्त जळून जो पांढरा धूर होतो त्याने थंडी-ताप येतो. टेबलांमधले पडदेही आधी नव्हते. शेजारच्या आर्ककडे माझी दोनतीनदा उघड्या डोळ्यांनी नजर गेली, आणि रात्री झोपताना डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग सुरू झाली. दुसरा दिवस अंधाऱ्या खोलीत काढला.

आगीबाबत मात्र शिस्त कडक होती: काम संपल्यावर किमान अर्धा तास कोणीतरी थांबणारच, सुती कपडे नसतील तर त्या दिवशी मशीन मिळणार नाही.

आणखी एक उणीव. जोडणं, कापणं, वाकवणं भरपूर शिकवलं. तारेचा किंवा पुठ्ठ्याचा छोटा नमुना करून तोल कुठे येतो ते आधी पाहायचं, हे कोणी सांगितलं नाही. माझं भंगारात गेलेलं दुसरं शिल्प त्यामुळेच गेलं. फिनिशिंगलाही फक्त एक वर्ग. त्यात स्वच्छ लोखंड तापवताना आधी गवती पिवळा, मग जांभळा, मग निळा रंग कसा चढतो ते पाहिलं आणि कोमट धातूवर मेण चोळलं. एवढ्या सुंदर विषयाला चार वर्ग तरी हवे होते.

कोणी विचारलं तर मी अभ्यासक्रमाचा कागद बघू नका म्हणेन. मोकळ्या सरावाचे तास किती, एका मशीनमागे माणसं किती, आणि धूर कुठे जातो, हे जाऊन बघा. माझ्या बॅचमध्ये ज्यांनी मोकळे दिवस चुकवले त्यांच्या रेघा अजून वेड्यावाकड्या आहेत, वर्गाला ते माझ्याइतकेच आले होते.

पुढच्या सत्राला नाव दिलं आहे. टिग, म्हणजे बारीक जोडाचं वेल्डिंग शिकायचं आहे, कारण करकोच्याची चोच जाड दिसते; रॉडने तिथे याहून बारीक जोड मला साधत नाही. चोच कापून ठेवली आहे, बाकी पक्षी स्टुडिओतल्या खिडकीपाशी एका पायावर उभा आहे.